हाडांत पसरल्यावर

३ मार्च १९८६, मद्रास
डॉ. गुरुमूर्तींनी आकडे मागितले — प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेले, उपचार म्हणून वृषणं काढलेले रोगी. पाच वर्षांनी किती जिवंत. आमच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात फायलींचे ढीग. चौसष्ट नावं निघाली.

११ मार्च
चौसष्टांत सोळा जिवंत. निम्मे अडीच वर्षांच्या आत गेले.

२ एप्रिल
अप्पांचा रिपोर्ट आला. तोच रोग. कमरेच्या हाडात पसरलाय. फाइलवर नंबर मीच घातला. धाकटा भाऊ एकोजी म्हणतो, "अप्पांना सांगू नको, अक्का. धसक्यानंच जातील."

५ एप्रिल
वृषणं काढायच्या ऑपरेशनला अप्पांचा नकार. "लघवीची तक्रार, तिच्यासाठी हे कापायचं? बहात्तराव्या वर्षी?" त्यांचं काय चुकलं? खरं कारण कुणी दिलेलंच नाही. गुरुमूर्ती म्हणाले, थांबू नका. मणका दबला तर पाय जातील.

८ एप्रिल
अप्पा देवळापर्यंत चालू शकले नाहीत. अर्ध्यातून रिक्षानं परत.

९ एप्रिल
सांगितलं. एकोजी ऑफिसला गेल्यावर, अप्पांची सकाळची कापी पिऊन झाल्यावर.
"अप्पा, हा कॅन्सर आहे."
मग शाळेत गणित शिकवायचे त्या आवाजात — "तुझ्याकडे आकडे असतील. सांग."
सांगितले.
"म्हणजे माझी अडीच वर्षं?"
"तसं नाही. निम्मे त्याच्या आत गेले, निम्मे त्याच्या पुढं जगले. तुम्ही कुठल्या निम्म्यात, ते कुणालाच ठाऊक नाही."
"आणि ऑपरेशन केलं नाही तर?"
"ते आकडे माझ्याकडे नाहीत. दुखणं मात्र वाढेल."
"फॉर्म आण. सही मी करीन. एकोजीला करू देऊ नको."
संध्याकाळी एकोजी माझ्याशी बोलला नाही.

२१ एप्रिल
ऑपरेशन होऊन आठ दिवस. कंबर दुखायची थांबली. अप्पांनी हळूच विचारलं, "दाढी करावी लागेल ना पूर्वीसारखी?" हसू की नको, कळेना.

१३ ऑक्टोबर १९८८
ऑपरेशनला अडीच वर्षं झाली. मला वाटलं, तारीख माझ्याच लक्षात आहे. अप्पा म्हणाले, "पुढच्या निम्म्यात आलो." आणि पेपर उघडला.

२ जुलै १९९०
अप्पांना जाऊन पंधरा दिवस. जेवता जेवता, हृदय बंद पडून. आज कामावर गेले, त्यांची फाइल बंद केली. मृत्यूचं कारण — अन्य. गुरुमूर्ती म्हणाले, "या रोगाच्या मृत्यूंत तुझ्या वडिलांना धरायचं नाही, भवानी."
धरलं नाही.