दोरीवरचा स्पंज

२१ सप्टें., रवि.
पुन्हा भांडण. माशांसाठी सहा फुटी टाकी ठरली, फिल्टरवर अडलंय. प्र.ला दहाव्यांदा सांगितलं, संप घेऊ. खाली छोटी टाकी, पाणी तिच्यात उतरतं, गाळून पंपाने वर जातं. झाकण उचललं की सगळं समोर. त्याला कॅनिस्टर हवा. बंद डबा, कपाटात लपतो. "संपचा आवाज येतो यार, हॉलमध्ये बसून मोरीत बसल्यासारखं वाटेल." सव्वीस वर्षांच्या संसारात मोरी एकदा तरी घासलीस का रे? विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२३ सप्टें.
घाटकोपरचं दुकान. दुकानदार माझ्याबद्दल बोलतो, बघतो प्र.कडे. "सर, मॅडमना सायलेंट आवडेल." मॅडमना विचार ना! भरलेला कॅनिस्टर उचलून पाहिला, मनगटात कळ. दर महिन्याला तो उघडणार कोण? बंड्या-ठमी रुपयाएवढे होते तेव्हापासून सहा वर्षं फिल्टरची सफाई मीच करतेय, आता वीत-वीतभराचे ऑस्कर मासे झालेत. तर प्र. म्हणतो, "तुला टेक्निकल कळत नाही गं." मला! पॅथॉलॉजी लॅबमध्ये हयात गेली माझी.
कॅनिस्टर घेतला.

२८ सप्टें., रवि.
हरले, पण अट घातली. जुन्या फिल्टरमधला तपकिरी स्पंज नव्यात जाणार. त्यावरचा बुळबुळीत थर म्हणजे जिवंत जंतू, माशांच्या घाणीचं विष तेच संपवतात. ते नसले तर नवा फिल्टर नुसता डबा. प्र. मोबाइलमधून डोकं न काढता "हो हो". सासूबाई: "नव्या टाकयेत जुनी घाण कित्याक गो?" समजावलं. मान हलवली त्यांनी.

२ ऑक्टो., दसरा
सकाळची ड्यूटी, दोनला घरी. टाकी लावून तयार, मासे आत! कॅनिस्टरला हळदकुंकू, झेंडूची माळ. मुहूर्त टळत होता म्हणे.
आणि गॅलरीत, माझ्या गाऊनशेजारी, दोन चिमटे लावून स्पंज. ब्लीचने धुतलेला, कोरा करकरीत.
प्र.: "दसऱ्याला हत्यारं घासूनपुसून ठेवतात ना? म्हटलं तुझं काम हलकं करू." वर कौतुकाची वाट बघतोय.
इतकी ओरडले की सोनं द्यायला आलेल्या शेजारीणबाई दारातूनच परत गेल्या. जाऊ देत.

५ ऑक्टो., रवि.
पाण्यातल्या अमोनियाची, म्हणजे त्याच विषाची, टेस्ट पिवळी यायला हवी, गर्द हिरवी आली. रोज अर्धं पाणी बदलतेय, पाठ गेली. ठमी वर तोंड काढून श्वास घेते, कल्ले लाल. प्र. म्हणतो, "पण पाणी बघ ना, काचेसारखं आहे." डोकं सणकलं. ह्याला डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं.

६ ऑक्टो.
ठमी गेली. लॅबच्या बाथरूममध्ये रडले.
घरी सासूबाई जेवल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मियाच तेका धुवूक सांगलंय गो." म्हणजे चार दिवस ह्याने माझ्या शिव्या खाल्ल्या, आईचं नाव काढलं नाही. मोठा श्रावणबाळ! तोंड उघडायचं ना. आता ओरडू कोणावर? दोघांवरही राग आहे, स्वतःवर जास्त. स्पंज त्या दिवशी माझ्या पर्समध्ये घालून न्यायला हवा होता.

७ ऑक्टो.
आमच्या लॅबच्या कदमबाईंकडे मुलुंडला चालू टाकी आहे. त्यांना फोन केला, त्यांच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज द्या म्हटलं. प्र. न सांगता उठला, ऑफिसला दांडी मारून गेला. दुपारी आला तो पिशवी छातीशी धरून, शर्टभर तपकिरी पाणी, वास. "रिक्षावाला दोनदा मागे वळून बघत होता. धुतलेला नाही हां." हसू आलं होतं, दाबलं.
स्पंज बसवला. बंड्या कोपऱ्यात तळाशी. खाणं टाकलं, तोंडात घेतलं आणि थुंकलं. सासूबाईंनी टाकीकडे बघून हात जोडले.
प्र.: "जगेल ना गं?"
"माहीत नाही."
"आणि तू बोलशील ना माझ्याशी?"
तेही माहीत नाही म्हटलं. पुन्हा टेस्ट लावलीय, रंग यायला पाच मिनिटं आहेत. तो टेस्टची बाटली हातात धरून उभा आहे.