सयाजीचा अजून चालतोय

सोलापूर,
पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप धनाजीमामा,

भाचा बिरप्पाचा नमस्कार तुमच्या पायांपर्यंत पोचावा. (टेंभुर्णीला पोचायला त्याला दोन तास लागतील, वाटेत चहाला थांबला तर तीन.) तुमची कंबर कशी आहे? मामींची टाच दुखायची थांबली का? आमच्याकडं सगळं ठीक. आईचं बीपी ठीक, शेळी व्यायली ती ठीक, दोन्ही करडं तांबडी आहेत आणि एकाचा कान पांढरा आहे. सयाजीपण ठीक आहे. तो कायमच ठीक असतो. त्याचं कधी काही बिघडत नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तुम्ही सुरुवातीलाच "हां बोल, थोडक्यात" म्हणता, आणि थोडक्यात मला जमत नाही. दुसरं म्हणजे मावशीनं शिकायला आमच्याकडं ठेवल्यापासून सयाजी माझ्याच खोलीत असतो. तो ऐकत नाही, कानात बोळे घालून अभ्यास करतो. पण माणूस ऐकत नसला तरी समोर बसलेला असताना त्याच्याविषयी वाईट बोलायला तोंड उघडत नाही. म्हणून तुमचा ड्रायव्हर श्रीमंत, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

तुम्हाला आठवत असेलच, पण मी परत लिहितो, म्हणजे माझ्या डोक्यात नीट बसेल. दोन वर्षांमागं दसऱ्याला तुम्ही आम्हा दोघा भाच्यांना नवी पेठेत नेलंत आणि एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन लॅपटॉप घेऊन दिलेत. घरी आल्यावर आईच्या समोर बोललात, "दोन वर्षांनी खंडेनवमीला येतो आणि दोन्ही चालू करून बघतो. ज्याचा नीट चालतोय तो माझ्या ट्रान्सपोर्टच्या हापिसात खुर्चीवर बसंल. ज्याला एक मशीन सांभाळता येत न्हाय, त्याच्या हातात मी बारा गाड्यांची कागदं द्यायचो न्हाय." खंडेनवमी आता चोवीस दिवसांवर आली. सयाजीचा चालतोय. माझा चालत नाही.

असं एका ओळीत लिहिलं की सगळा दोष माझा वाटतो, म्हणून जरा फोडून सांगतो.

पहिल्या दिवसापासूनच त्याचं वागणं सरळ नव्हतं. खोक्यातून एक पुस्तिका निघाली, ती सयाजीनं वाचली. मामा, मला सांगा, असली पुस्तिका आजवर कुणी वाचली आहे का? तुम्ही बारा गाड्या घेतल्या, एकीची तरी वाचली? त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि ओळींखाली पेन्सिलीनं रेघासुद्धा ओढल्या. मग लॅपटॉपवरचा सगळा प्लास्टिकचा कागद सोलून टाकला. मी म्हटलं, कोऱ्या वस्तूचा कागद काढायचा म्हणजे नवरीची हळद दुसऱ्याच दिवशी धुतल्यासारखं आहे. मी आठ महिने कागद काढला नाही. आतली वाफ कुठून जाणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सयाजीनं सांगितलं होतं. पण तो ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात माणसाला ऐकू येत नाही.)

मग चार्जिंगचं. मी आपला रात्रंदिवस वायर लावून ठेवायचो. आपल्यात बाहेर पडणाऱ्याला उपाशी पाठवत नाहीत, तीच रीत मी मशीनला लावली. सयाजी मात्र ऐंशी टक्के झालं की वायर काढतो आणि वीसच्या खाली उतरू देत नाही. ऐंशी हा आकडा दहावीच्या निकालापासून त्याच्या मागं लागलाय आणि त्या दिवसापासून आई मला दर जेवणाला तो वाढते. वायरसुद्धा तो सैल वळसे घालून ठेवतो, जसा आपण मेंढ्याचा दोर ठेवतो. मी फेट्यासारखी आवळून गुंडाळली, तर महिन्याभरात ती मानेपाशी तुटली. आता मेंढरांच्या घरात जन्मून दोर कसा ठेवायचा हे मला शिकवावं लागतं, असं आई म्हणाली. हे ती सयाजीच्या समोर म्हणाली, म्हणून लिहितोय.

लॅपटॉप ठेवायचा कुठं, तर मी गादीवर आपली सोलापुरी चादर टाकून तिच्यावर ठेवायचो. चादर आपल्या गावची, मऊ, अभिमानाची. तिच्यात तो बसला की खालनं गरम व्हायचा आणि मी म्हणायचो, अरे वा, जीव आहे ह्यात. सयाजीनं आईकडं पाट मागितला. तोच पाट, मामा, जो तुम्ही आलात की निघतो आणि मला आजवर एकदाही मिळालेला नाही. त्याच्या लॅपटॉपला मिळाला. दोन वर्षं तो पाटावर बसतोय आणि मी फरशीवर. मे महिन्यात दुपारी बाहेर नुसती आग असते, तेव्हा सयाजी लॅपटॉप बंद करून सावलीत ठेवायचा. नुसता मिटायचा नाही, पूर्ण बंद. "त्यालापण निजू दे की," म्हणायचा. हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुपारी निजलो की त्याच डोळ्यांत वेगळंच काहीतरी येतं.

खाण्याचं मी लपवत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी लॅपटॉपच्या समोर बसूनच खाल्ली आहे, कारण पिक्चर बघताना हात मोकळा असतो आणि रिकामा हात चांगला नाही. कडक भाकरीचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे, एक घास तोंडात आणि चार बाजूला. मग बटणांच्या खाली मुंग्या आल्या. सुरुवातीला आठ-दहा होत्या, नंतर एंटरच्या खाली त्यांनी बिऱ्हाडच केलं. मी एंटर दाबलं की दोन बाहेर येऊन बघून जायच्या. सयाजी रोज कोरड्या फडक्यानं आपला पुसतो आणि बाहेर अंगणात जाऊन जेवतो. एकटा. असल्या माणसाला मी माणूसघाणा म्हणतो, आई शिस्त म्हणते.

आणि दुधनीचं. मित्रानं सांगितलं की तिथं एक बोकड विकायला आहे, ऐन कपाळावर चांदणी असलेला. मी नुसता बघायला गेलो आणि अकरा दिवस राहिलो. (बोकड आदल्या दिवशीच विकला गेला होता, पण तिथल्या कानडी माणसांनी जेवायला एवढा आग्रह केला की निघता येईना. त्यांचं बोलणं मला अर्धं कळायचं, म्हणजे आईच्या बोलण्यापेक्षा जास्तच.) लॅपटॉप मी सोबत नेला होता, मोटरसायकलला मागं बांधलेल्या पेंडीच्या पोत्यात. पेंड मऊ असते म्हणून. परत आल्यावर तो एका कोपऱ्यातून उघडायला लागला. सयाजी म्हणाला, "तू त्याला पडद्याला धरून उचलतोस." आता कोकराला कानाला धरून उचलत नाहीत एवढं मला कळतं. पण लॅपटॉपचा कान कुठला हे कुठं लिहिलं होतं? (पुस्तिकेत. पान नऊ. त्यानं दाखवलं.)

हे सगळं मशीननं सोसलं. खरा घात गेल्या खंडेनवमीला झाला आणि त्यात माझी भक्तीच नडली. आपल्या घरी विळा, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री, आजोबांची काठी असं सगळं घोंगडीवर मांडतात आणि बिरोबाच्या नावानं हळदीचा भंडारा वाहतात. आई म्हणाली, तुमची हत्यारं पण मांडा. सयाजीनं लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि पिशवीवर चिमूटभर भंडारा लावून घेतला. मला ते बघून राग आला. देवाच्या पुढं पिशवी ठेवतो, देवाला काय कळणार आत काय आहे? मी माझा उघडला, चालू केला, म्हणजे देवाला कामात असलेला दिसेल. आणि आजोबा जत्रेत उधळायचे तसा पसाभर भंडारा चांगभलं म्हणून वरनं उधळला. आतला पंखा त्या वेळी जोरात फिरत होता. मामा, त्यानं तो सगळा भंडारा आत ओढून घेतला, तपकिरीची चिमूट ओढावी तसा. त्या दिवसापासून लॅपटॉप तापला की बाजूनं पिवळा श्वास सोडायचा. मी कॉम्प्युटरच्या क्लासला पांढरा शर्ट घालून बसलो आणि उठलो तो नवरदेव होऊन.

बाकीचं वर्ष त्यानं खोकत काढलं आणि पंधरा दिवसांमागं बंद पडला. नवी पेठेच्या मागच्या बोळात चनबसप्पा म्हणून दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडं नेला. सयाजी बरोबर आला, मी बोलावलं नव्हतं. चनबसप्पांनी खालचं झाकण काढलं, आत बघितलं, चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"येन्रीप्पा, काय हो बाबा, हे उघडायचं का ह्याच्या पाया पडायचं?"

दुकानातली माणसं हसली. मग त्यांनी बॅटरी दाखवली, पोट फुगलं होतं. म्हणाले, सारखं चार्जिंगला लावून, वर चादरीत घालून उबवलंय, आता हिला हात लावू नका. ती त्यांनी वेगळी काढून ठेवली. इथवर मी सोसलं. पण मग त्यांची नजर सयाजीच्या पिशवीकडं गेली. त्यांनी त्याचा लॅपटॉप घेतला, उघडला, आत फुंकर मारली. काही उडालंच नाही. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाले, "दोन वर्षाचा हाय हे. असं ठेवायचं बघा." सहा माणसं होती. सहाही माणसांनी आधी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. एका बाईनं तर त्याचं गाव आणि लग्नाचं विचारलं.

माझा सध्या त्यांच्याच फळीवर पडलाय. म्हणून विनंती अशी, की यंदा तुम्ही खंडेनवमीला येऊ नये. तुमच्या कंबरेला प्रवास बरा नाही. दिवाळीनंतर, किंवा पुढच्या जत्रेला सवडीनं या. आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर दुसरी घ्या. बारा गाड्यांच्या हापिसात नुसता पुसणारा माणूस काय कामाचा? रस्ते कुणाला माहीत आहेत, कुठल्या धाब्यावर ड्रायव्हर सापडेल हे कुणाला माहीत आहे, हे विचारा. सयाजीला अक्कलकोटच्या पुढचं जग नकाशातच ठाऊक आहे.

मामींना नमस्कार. लहानांना पापा, मोठी झाली असतील तर नुसता आशीर्वाद.

तुमचा भाचा,
बिरप्पा

ता. क. : श्रीमंतची गाडी काल आलीच नाही, म्हणून पत्र खिशातच राहिलं. तेवढ्यात एक गोष्ट झाली. काल संध्याकाळी घरी आलो तर माझा लॅपटॉप पाटावर होता. चालू. सयाजी चार दिवस कॉलेज सुटलं की चनबसप्पांकडं बसत होता. दोघांनी मिळून ब्रशनं सगळा भंडारा काढला, मुंग्या काढल्या, बिजागरी आवळली, नवी बॅटरी बसवली. मी विचारलं, मग तुझ्या खुर्चीचं काय? तर म्हणाला, "दोघांचा चालू असला की मामा काय ते ठरवतील. तू आता चादरीवर ठेवू नको, एवढंच." आणि कानात बोळे घालून वाचायला बसला. मामा, इतके दिवस तो नुसता चांगला होता, ते मी कसंबसं सोसलं. आता तो माझ्याशी चांगला वागलाय. हे मात्र सोसत नाही.

ता. क. दुसरा : म्हणून खरं लिहितो. खंडेनवमीला जरूर या. खुर्ची सयाजीला द्या. माझ्यानं एका जागी अर्धा तास बसवत नाही, हे पत्रसुद्धा मी पाच ठिकाणी लिहिलंय. मला कुठल्याही गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा द्या. कागद पोचवीन, माल बघीन, रस्ता चुकू देणार नाही. लॅपटॉप सयाजीकडंच ठेवतो. त्याच्याकडं तो जास्त जगेल.

ता. क. शेवटचा : पण खुर्ची द्यायच्या आधी सयाजीला एकदा रागवा. मी समोर असताना. आई पण असली तर बरं. दोन मिनिटं पुरे. कारण काय द्यायचं ते मी दोन वर्षं शोधतोय, मला सापडलं नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला सापडेल.