सुट्टीचा अर्ज वरच राह्यला

ता. ८ फेब्रुवारी १९४३
(ठिकाण लिहायची मनाई आहे)

तीर्थरूप मायच्या पायावर सहदेवचा दंडवत. शेषरावदादा, हे मायले सावकाश वाचून दाखवजो.

माय, मी खुशाल आहो. जेवण पोटभर भेटते. थंडीसाठी नवी कांबळही भेटली.

बाबा आजारी असल्याची तार आली, त्याच दिवशी मी सुट्टी मांगतली. नाईकानं हवालदाराले सांगतलं, हवालदारानं सुभेदाराले, सुभेदारानं कंपनीच्या साहेबाले. साहेबानं अर्ज कर्नलकडे धाडला. 'नाही' असं कोणीच म्हटलं नाही. पण कर्नलच्याही वरून हुकूम आला, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. हुकूम देणारा साहेब इथं कोणी पाह्यलाही नाही.

आठव्या दिवशी दादाची दुसरी तार आली. बाबा गेले.

इथं आपली बोली बोलणारं कोणी नाही. मी एकटाच नदीवर जाऊन बसलो. मागून हवालदार आले. साताऱ्याकडचा कडक माणूस. म्हणाले, "खाली बस. डोकं मी भादरतो. याला वरचा हुकूम लागत नाही." त्याइनं वस्तरा चालवला, मंग माहे केस आपल्या हातानं नदीत सोडले.

वांग्याच्या वाफ्याले आता पाणी कोण देते? तू दोन घास जेवतं ना?

माय, अखेरीले बाबानं माहं नाव घेतलं काय? घेतलं असन, तर सहदेव गाडीत बसला, येऊनच राहिला, असं कोणी त्याइले सांगतलं काय?

तुहा लेक,
सहदेव