पुढच्या बैलाचं ओझं

११ जानेवारी १९४१

भाषांतरात पन्नासपैकी नऊ. नऊ!

तोच देवला, जो इंग्रजी धडा माझ्यापेक्षा स्वच्छ वाचतो. आजची चाचणी सरावाची होती, म्हणून निभावलं. मार्चमध्ये खरी आहे. तिच्यात वीस पडले नाहीत तर हिंगोलीच्या मोठ्या शाळेचा दरवाजा बंद. मग त्याचा चुलता पेमा त्याला रस्त्याच्या खडीवर घालणार. तसं त्यानं मला तोंडावर सांगितलं आहे. ‘पास झाला तर तुमचा, न्हाई तर माजा.’

चूक कुठं आहे ते मला दिसतं आहे. काल रात्रीपर्यंत दिसत नव्हतं.

१४ जानेवारी

देवलाचं सगळं उलटं आहे. आमची पोरं मराठीतून इंग्रजीत जातात. हा इंग्रजीकडून आला. बाप वऱ्हाडात रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाकडं गाई सांभाळत होता. साहेबाच्या मडमेनं आपल्या मुलांबरोबर यालाही चार वर्षं शिकवलं. आई लहानपणीच वारली, बाप परवाच्या साली तापानं गेला, आणि आजी रुक्माबाईनं नातवाला इकडं मोगलाईत, कनेरगावजवळच्या आपल्या तांड्यावर आणलं. आजीलाच तो याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

तर त्याला इंग्रजी येतं आणि तांड्याची गोरमाटी येते. मराठी मात्र दीड वर्षाचीच आहे. हिंदी बंगल्यावरची, आव-जाव-पानी लाव एवढीच. आणि चाचणीचा नियम म्हणतो, इंग्रजी उताऱ्याचं भाषांतर मराठीत किंवा उर्दूत करावं.

म्हणजे आपण इंग्रजीच्या नावाखाली त्याची मराठी तपासतो आहोत. तांदूळ मोजायला बसलो आणि पायलीच गळकी. यात पोराचा दोष काय?

नियमाला अपवाद मागायचा. ठरलं.

२ फेब्रुवारी

शाळा तपासणारे मोहतमीम साहेब परभणीला असतात. त्यांना अर्ज टाकला. उर्दू मसुदा हिंगोलीच्या उत्तमरावांनी करून दिला. ते मोठ्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि आमच्या भागातल्या मुलांची चाचणी दरसाल तेच घेतात. मी म्हणालो, देवलाला भाषांतर गोरमाटीत करू द्या.

उत्तमराव हसले. ‘आणि तपासणार कोण? तुमी का मी?’

त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. दोन खोल्या. पहिल्या खोलीत मुलगा इंग्रजी उतारा मनात वाचील आणि तांड्यातल्या एका माणसाला गोरमाटीत सांगेल. ते माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन मराठीत सांगेल. तिथं बसलेल्या परीक्षकानं उतारा आधी पाहिलेला नसेल. तो ऐकेल ते लिहील. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

उत्तमराव म्हणाले, ‘मास्तर, तुमी खेड्यात वाया गेले.’

गेलो नाही. पण ऐकून बरं वाटलं, हे इथं खोटं कशाला लिहू.

२५ फेब्रुवारी

महाशिवरात्रीला औंढ्याला जाऊन आलो. गर्दीत तीन तास उभा होतो, पण दर्शन पोटभर झालं. एका भक्ताला पुढून हाकललं तर नागनाथाचं सबंध देऊळ फिरलं म्हणतात. नंदी तेवढा मागं राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. दगड उन्हानं तापलेला होता.

एका माणसासाठी देवाचं देऊळ फिरतं, तर आमचा नियम फिरायला काय हरकत आहे? परवानगी येणार. मनात शंका नाही.

१ मार्च

परवानगी आली! ‘या वेळेपुरती.’ एक अट आहे. उत्तर लेखी हवं, म्हणून मुलगा जे बोलेल ते कोणीतरी जसंच्या तसं उतरवून ठेवावं. मी उतरवीन. समजलं नाही तरी कान शाबूत आहेत, बाळबोधीत आवाज लिहिता येतो.

९ मार्च

तांड्यावर गेलो. मधलं माणूस कोण, हा प्रश्न होता. मराठी चांगली बोलणारे दोघंच. एक पेमा, तो पोरगं नापास व्हावं म्हणून टपलेला. दुसरी रुक्माबाई. सत्तरीची आहे. लहानपणी मिठाच्या बैलांबरोबर मुलूख फिरलेली, बाजारात कोणाशीही कोणत्याही भाषेत भांडते.

मी तिला सगळं समजावलं. ती गोधडीला टाका घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘म्हंजे पोराची परीक्षा माज्या तोंडात हाय.’

मी म्हणालो, तसंच समजा. तो जे सांगेल तेच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.

‘मी खोटं बोलत न्हाई मास्तर. बाजारात बोलते, तेवढं सोडा.’

होळीनंतर चाचणी ठेवली आहे. होळीत तांडा कोणाचं ऐकत नाही.

१० मार्च

उतारा मीच निवडला. मुद्दाम त्याच्या घरचा वाटावा असा. मीठ वाहणारा एक माणूस पाच बैल घेऊन घाट चढतो. पुढचा बैल सर्वांत ताकदीचा म्हणून सर्वांत जड गोणी त्याच्यावर लादतो. वाटेत पाऊस येतो. चार बैल थांबतात, पुढचा चालत राहतो, आणि त्याला पाहून बाकीचे चालू लागतात. प्रश्न एकच, जड ओझं कोणत्या बैलावर होतं आणि का?

यापेक्षा सोपं काय देणार! त्यांच्या तर पिढ्या यात गेल्या.

१९ मार्च

चाचणी झाली.

रोजच्यासारखी पूजा आटोपून सातला शाळेत. पूजा आजवर कधी चुकवली नाही, आज तर दोन बेलपानं जास्त वाहिली. उत्तमराव आठला आले, त्यांना पाठीमागच्या खोलीत बसवलं. देवला धुतलेला सदरा घालून आलेला. त्यानं कागद वाचला. तिसऱ्या, जड गोणीच्या वाक्यापाशी थांबला. पुन्हा वाचलं. माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, सांग.

तो समोर बसलेल्या आजीला सांगू लागला, मी उतरवू लागलो. वेगानं बोलतो, दोनदा हळू करायला लावलं. त्या तिसऱ्या वाक्याला मात्र अडखळला, आणि वाक्यही लांबलं. इंग्रजीत ते एका ओळीचं आहे. त्याच वेळी रुक्माबाईनं दोन्ही हातांनी आपले कान धरले.

मला ते आवडलं नाही. खूण असावी.

मग ती पाठीमागं गेली. उत्तमरावांनी लिहून घेतलं. कागद जुळवले. बैल पाच, बरोबर. घाट, पाऊस, थांबणं, पुन्हा चालणं, सगळं बरोबर. आणि मुख्य गोष्ट साफ उलटी! ‘पुढचा बैल मोकळाच होता. मीठ मागच्या चौघांवर होतं.’

देवलाला विचारलं. ‘लिहिलं होतं तसंच सांगितलं मास्तरजी.’

रुक्माबाईला विचारलं. ती म्हणाली, ‘पोरानं बराबर सांगितलं. मीच बदललं.’

‘काहून?’

‘तसं तोंडानं काढायचं न्हाई.’

एवढंच. पुढं विचारलं तर पदर सावरून घराकडं निघाली.

२० मार्च

नापास केलं.

उत्तमराव म्हणत होते, उतरवलेला कागद तांड्यातल्या दुसऱ्या कोणाला वाचून दाखवू. मी नको म्हणालो. तांडा एक, देवी एक, पंगत एक. पेमाचा भरवसा नाही, आणि बाकीच्यांतला कोण आपल्या पोराच्या विरुद्ध बोलेल? अपवाद मी मागितला, तेव्हा तो चोख ठेवणं माझ्यावर आहे. उद्या कोणी म्हणायला नको की मास्तरनं दार उघडलं आणि मागून माल आत घातला.

पोराला ती ओळ समजली नाही, त्यानं काहीतरी जुळवलं, आणि आजीनं ते अंगावर घेतलं. माया आहे, मी समजू शकतो. नातवासाठी माणूस कान धरून देवालाही मध्ये आणतं. पण चाचणी ती चाचणी.

रात्री झोप चांगली लागली. मन स्वच्छ असलं की लागते.

४ एप्रिल

देवला खडीवर गेला.

१६ एप्रिल

मोहतमीम साहेबांचं पत्र आलं. रीत त्यांना पसंत पडली. पुढच्या सालापासून तांड्याच्या मुलांना हीच सवलत, मात्र परीक्षकाला स्वतः ती बोली यावी, मधलं माणूस नको. आणि शेवटी, ‘आपणच शिकून घ्यावी.’

घेतो की! इंग्रजी शिकलो ते कोणाच्या शाळेत? चौथीपर्यंत गावात, पुढं एक फाटकं पुस्तक आणि पांडुरंग. पन्नाशीला आलो म्हणून काय झालं. उन्हाळ्याची सुटी मोकळीच आहे.

शिकवणार कोण हा प्रश्न होता. रुक्माबाईकडेच गेलो. वाटलं होतं, हाकलून देईल. तिनं बसायला घोंगडं दिलं आणि म्हणाली, ‘आता तुमची परीक्षा. नापास केलं तर रडायचं न्हाई.’

११ मे

रोज सकाळी पूजा करून तांड्यावर जातो, उन्हं चढायच्या आत परत. बैल म्हणजे बळद. मी ‘बळद’ म्हणालो की बायका तोंडाला पदर लावतात. माझ्या तोंडी बळद लंगडतो म्हणे. पण डोकं चालतं आहे. महिनाभरातच त्यांचं आपसातलं बोलणं निम्मं कळू लागलं. परवा दोघी माझ्या टोपीबद्दल बोलत होत्या, मी गोरमाटीत उत्तर दिलं. एक तर घागर टाकून पळाली!

येताना रस्त्यावर देवला दिसतो. डोक्याला फडकं, पुढ्यात दगडांचा ढीग. मला पाहून उठून उभा राहतो. मी विचारतो, वाचतोस ना? तो हो म्हणतो. हाताला पट्ट्या बांधलेल्या असतात.

पुढच्या साली पुन्हा बसवीन त्याला. पेमानं सोडला तर.

७ जून

आज शिकता शिकता मिठाच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. रुक्माबाई गोरमाटीतच सांगत होती, मी कुठं अडलो तरच मराठीत येई. तांडा निघाला की सर्वांत पुढं देवाचा बैल. गळ्यात घागऱ्या, शिंगांना मोरपिसं. त्याच्यावर कधी गोणी नाही, दावणीचा दोरसुद्धा नाही. कोणी आजारी पडलं तर त्याच्या पायाशी आणून निजवायचे. तो बसेल तिथं मुक्काम, तो उठेल तेव्हा निघायचं.

मी विचारलं, आणि चुकून कोणी लादलं तर?

ती म्हणाली, ‘लादायचं सोडा मास्तर. तसं बोललं तरी कान धरावं लागतं.’

चाचणीच्या दिवशी तिनं धरलेले कान मला आठवले. तीच म्हणाली, ‘ऊन झालं, जावा.’

घरी येऊन बायकोला, द्वारकेला, सगळं सांगितलं. तिला अक्षर येत नाही. भाकरी थापता थापता ऐकत होती. मी म्हणालो, रुक्माबाईनं बदललं हे आज पटलं. पण पोरगं मुळात काय बोललं होतं, ते कोणाला माहीत?

‘तुमी लिवून घेतलं व्हतं न्हवं?’

‘घेतलं होतं. तेव्हा मला ती बोली येत नव्हती.’

‘आता येती की.’ आणि भाकरी उलटली.

कागद शाळेच्या पेटीत आहे. किल्ली शिपायाकडं, तो वारंग्याला लग्नाला गेलेला. उद्या सकाळी येईल.

८ जून

पेटी उघडली. कागद माझ्याच अक्षरात. तिसरं वाक्य चारदा वाचलं. आता त्याला दुसरा अर्थ लागत नाही —

‘सगळ्यात जड गोणी त्यानं पुढच्या बळदावर लादली, कारण तोच ताकदीचा होता. याडी, कागदात असंच हाय, मी म्हणत न्हाई. माज्याकडून देवाच्या बळदाची माफी माग.’

मोठ्या शाळेच्या नोंदी बारा तारखेला बंद होतात. खडीचं काम सध्या नाक्याच्या पलीकडं, वाशीमच्या अंगाला चालू आहे. आधी देवलाकडं जातो, मग त्याला घेऊन उत्तमरावांकडं. कागद खिशात घेतला आहे.

पूजा आल्यावर.