काही तक्रार नाही

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची लखनौला. जानकीपुरमला बेबीआत्याकडे वरची खोली मिळाली आहे, गच्चीला लागून, हवेशीर. आत्याचे यजमान इथे पोस्टात होते, तेव्हापासून ती इथलीच झाली. मराठी अजून अमरावतीचं, पण मध्येच "अच्छा, सब्जी कोणती करू?" तिचा मुलगा बंटी माझं मराठी ऐकतो, उत्तर हिंदीत देतो, आणि आमचं मस्त जमतं. उद्यापासून इंदिरा नगरला संमोहन उपचारांच्या क्लिनिकमध्ये मानसतज्ज्ञ म्हणून रुजू व्हायचं आहे. निघताना बाबांनी एकच सांगितलं, चुकीचं दिसलं की गप्प बसायचं नाही. बाबा, म्हणजे शामराव, आयुष्यभर ऑफिसात अर्ज-विनंत्यांसाठी प्रसिद्ध. तक्रार करणं हा आमच्या घराचा कुळाचारच म्हणायचा. मीही त्याच वळणाची, हे आई कपाळाला हात लावून सगळ्यांना सांगते.

६ नोव्हेंबर

संमोहन म्हणजे लोलक हलवून माणसाचा कोंबडा करणं, अशी बंटीची समजूत. त्याला समजावताना माझीच उजळणी झाली. पेशंट झोपत नाही. अंग सैल होतं, लक्ष एका जागी गोळा होतं, आणि तेव्हा दिलेली सूचना मन चटकन धरतं. तपासण्या चांगल्या येऊनही कुरकुरणारं पोट, दात काढायची भीती, परीक्षेची धडधड, जुनी डोकेदुखी, सिगारेट, अशा ठिकाणी उपयोग होतो. ज्याला भास होतात त्याच्यावर हे करायचं नाही. आणि दुखणं घालवण्याआधी ते कशाचं आहे हे तपासून घ्यायचंच, कारण दुखणं ही शरीराची तक्रार असते. मनाविरुद्ध कुणाकडून काही करवता येत नाही, हे तर पहिल्या धड्यातलं.

क्लिनिक चालवणारे डॉक्टर विश्वजित यांचा आवाज सायीसारखा मऊ आहे. त्यांच्या खोलीतून बाहेर पडणारा जो तो म्हणतो, "अब कोई शिकायत नहीं." ऐकायला बरं वाटतं.

११ नोव्हेंबर

इथला शिरस्ता असा, की नव्या माणसाने एकदा स्वतः खुर्चीत बसायचं. योग्यच आहे. खाल्ल्याशिवाय मीठ कसं कळणार? काय सुधारायचं असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी थट्टेने म्हटलं, घरचे माझ्या तक्रारखोरपणाला कंटाळलेत, तेवढा काढा. ते हसले. मी डोळे मिटले. पुढचं फारसं आठवत नाही, पण झोप छान लागली.

आत्या म्हणते, आज जेवताना मी भाजीला नावं ठेवली नाहीत. भाजी खारट होती म्हणे.

१९ नोव्हेंबर

आज क्लिनिकमध्ये नीलम नावाची जुनी पेशंट आली. सांगलीकडची, नवरा पृथ्वीराजही तिकडचाच, हवाई दलात, राहायला बख्शी का तालाबला. पोट सारखं बिघडायचं, तपासण्या स्वच्छ, म्हणून डॉक्टरांनी संमोहन दिलं आणि ती बरी झाली. इतक्या लांब मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून दोघी खुलून गप्पा मारत होतो. पण ती वाकून चालत होती. उजव्या बाजूला खाली पोट धरलेलं. हात लावला तर अंग तापलेलं, पोट पाटासारखं कडक. दुखतंय का, असं विचारलं. ती हसली आणि एकदम हिंदीत म्हणाली, "कोई शिकायत नहीं."

हे कुरकुरणारं पोट नव्हे. आतडी किंवा अपेंडिक्स, काहीतरी भयंकर आहे, आणि तिला ते कळतच नाही. मी तडक डॉक्टरांकडे गेले. हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला पाठवा, असं सांगायला गेले होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "सर, सब ठीक है."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. बाहेर येईपर्यंत नीलम घरी गेली होती.

२० नोव्हेंबर

सकाळी आत्याला सांगायला गेले, आणि चहाची स्तुती करून परत आले. पृथ्वीराजना फोन लावला. नीलम मजेत आहे, असं मीच त्यांना सांगितलं. मोबाइलवर लिहायला घेतलं तर अंगठ्याने हसरा चेहरा पाठवून दिला. संताप संताप होतो आहे, आणि आरशात बघते तर मी हसते आहे.

वेटिंगमध्ये एका आजोबांचा पाय काळा पडलाय. तेही हसत होते.

मनाविरुद्ध काही होत नाही, खरंच आहे. मीच मागितलं होतं. आता मी परत मागते आहे, विश्वजित. ऐकतोस का? माझी तक्रार मला परत दे.

इथे वहीत मात्र लिहिता येतंय. ही मी मराठीत लिहिते, बाबांशी बोलल्यासारखी. तुझा आवाज इथपर्यंत पोचलेला नाही.

२१ नोव्हेंबर

पोळ्या करताना जळका वास आला. तवा जळला असेल म्हणून बघितलं. माझा हात होता तव्यावर. उजवा. कातडी — काहीच कळलं नव्हतं. आत्या किंचाळली, मी तिला म्हटलं, कोई शिकायत नहीं.

आहे. आहे शिकायत. डाव्या हाताने लिहीन, दाताने लिहीन.

वही घेऊन नीलमकडे निघाले आहे. पृथ्वीराजच्या हातात ठेवायची. तोंड काही का बोलेना.

२१, दुपार

त्यांच्या क्वार्टरमध्ये. नीलम पलंगावर, ओठ पांढरे, हसते आहे. पृथ्वीराज समोर उभे. मी आल्यापासून हवापाण्याच्या गप्पा मारते आहे, थांबताच येत नाही — हात मात्र लिहितोय — पेन आता जड — आवाज इथेही — कोई शि — नाही. नाही. खोडलं.

पृथ्वीराजभाऊ, हे वाचा. नीलमला आत्ता उचला. हॉस्पिटल. पोट, उजवीकडे खाली. ती हसेल, तिचं ऐकू नका. मी हसेन, माझंही ऐकू नका. वही मागेन, देऊ नका. मी रुचिरा शामराव, माझी तक्रार आहे. माझी तक्रार आहे. माझी त