आत्याबाईचा वाळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याबाई दहा दिवस दिसलेली नाही! सकाळी चहा ओतत होते तोच पाणथळीच्या राखणदाराचा फोन. बाकीचे छत्तीस करकोचे संध्याकाळी पाणथळीवर परततात, ही नाही. "काका एकटेच फिरतायत हो बाई," म्हणाला. काका म्हणजे तिचा नर. गावभर कुणाचंही भांडण असो, ही चोच खुपसणारच, म्हणून आत्याबाई. नाव राखणदारानेच ठेवलेलं.

या जातीचे सदतीसच उरलेत. म्हणून या वर्षी माझी चित्रंही सदतीसच. एका पक्ष्याचं एक चित्र. पिल्लू उडालं की नवा ठसा कोरायचा, पक्षी गेला की त्याचं चित्र फाडायचं. हा नियम माझाच. लोक त्यापायीच घेतात, आणि निम्मी विक्री राखणदारांच्या होडीला जाते. महिनाअखेरीला मोजणी आहे. तोवर सापडली नाही तर आत्याबाई गेली असं धरायचं.

राखणदाराला पोस्टर हवंय, पलीकडच्या काठावर लावायला. तिथल्या मच्छीमारांना वाचता येत नाही, तेव्हा फक्त चित्र आणि फोन नंबर. "आम्ही पायात घातलेला लाल वाळा नीट दाखवा हं. मादीला डाव्या पायात, नराला उजव्या. तेवढं बघून ते ओळखतात."

मला शिकवतोय! सगळ्या चित्रांतले वाळे मीच रंगवलेत.

४ फेब्रुवारी

तिचा जुना ठसा झिजलाय. नवा कोरला — एका दिवसात! फोटो समोर ठेवला आणि सरळ लिनोच्या मऊ पाटीवरच पेन्सिल चालवली. दुपारी तीनला कोरून झाला, सहापर्यंत दोनशे पोस्टरं दोरीवर. लाल वाळा वहिनीने हाताने रंगवला, दोनशे वेळा. शेवटी म्हणाली, "वन्सं, आता मला लाल रंगाची साडीसुद्धा नको."

फार सुरेख उतरलीय पण. मानेचा बाक, तो खडूस डोळा. वीस तारखेच्या प्रदर्शनात पहिलं चित्र हेच लावायचं. निमंत्रणावरही हेच.

७ फेब्रुवारी

पोस्टरं होडीने गेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चौकटवाल्याने अकरा चौकटी वाकड्या आणल्या. सांगितलं तर म्हणे, "भिंत वाकडी असेल बाई." परत पाठवल्या. चौकटीही आणि त्यालाही.

राखणदाराला फोन केला. लोक पोस्टर बघतात, डोकं हलवतात. "हा पक्षी नाही पाहिला," म्हणतात. सगळे असंच. तो थकलाय. रोज दोन वेळा होडी काढतो. "आत्याबाई गेली तर काका या वर्षी घरटं करायचे नाहीत बाई, म्हणजे पिल्लूही नाही." मी म्हटलं, धीर धर. दुसरं काय म्हणणार.

१५ फेब्रुवारी

निमंत्रणं वाटून झाली. करकोच्यांवर संशोधन केलेल्या डॉक्टरीणबाई उद्घाटनाला येतायत. वहिनीने दोन ओळींचं भाषण पाठ करायला घेतलंय, मला करू देत नाही. म्हणते, तुम्ही कुणावर तरी डाफराल.

१८ फेब्रुवारी, बुधवार



आज ठसे पुसत होते. आत्याबाईचा ठसा पुसला, शेजारी तिचा फोटो पडला होता. सहज बघितलं. किती हुबेहूब! इकडे मान, तिकडे मान. इकडचा पाय, तिकडचा पाय. छान वाटलं. आणि मग हातातलं फडकं खाली ठेवलं.

ठसा फोटोसारखा दिसताच कामा नये! ठसा उलटा हवा, म्हणजे कागदावर सुलटं येतं. एकोणीस वर्षं मुलांना हेच घोकवलं. ट्रेसिंग पेपर उलटा धरा, उलटा धरा, उलटा धरा. आणि मी घाईत फोटो बघून सरळ लिनोवर काढलं!

कागदावर वाळा उजव्या पायात आहे. दोनशे पोस्टरांवर. म्हणजे पलीकडच्या काठावर अख्खं गाव एका नराला शोधतंय. आत्याबाई समोर उभी राहिली तरी ते म्हणणार, ही ती नव्हे.

वहिनीला सांगितलं नाही. तिने दोनशे वाळे रंगवले, तिला दिसलं नाही. राखणदार रोज तेच पोस्टर दाखवत फिरतो, त्यालाही नाही. मला दिसलं नाही तर त्यांना कुठून दिसणार!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या उद्घाटन. रात्रभर विचार केला नाही, झोपले चक्क. सकाळी विचार केला.

आत्ता सांगितलं तर काय? पहिलं चित्र दारातच लागलंय, निमंत्रणावर तेच, डॉक्टरीणबाई येणार. 'हिला पक्ष्याचे पाय कळत नाहीत आणि पक्षी वाचवायला निघालीय.' मग सदतीसपैकी एक तरी कोण घेईल? होडी कशावर चालणार? हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ रविवारपर्यंत झाकलेली राहू दे. रविवारी संध्याकाळी प्रदर्शन संपतं. तेव्हा सांगेन. पक्षी चार आठवडे बेपत्ता आहे, तीन दिवसांनी काय फरक पडतो?

फुलदाणी आणून पहिल्या चित्रासमोर ठेवली. पाय झाकले गेले.

हे लिहून वाचलं. होडीचं कारण खरं आहे. पण पहिलं कारण ते नाही. माझं हसं होईल, हे पहिलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तुफान गर्दी! वहिनीचं भाषण दोन ओळींवरून दोन पानांवर गेलं, लोक हसले, टाळ्या. डॉक्टरीणबाईंनी मान वाकडी करून पहिलं चित्र बघितलं, म्हणाल्या, "डोळा अगदी जिवंत." पुढे गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

राखणदार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिल्यांदाच आला. चित्रापुढे बराच वेळ उभा. "आत्याबाईच की हो! फुलदाणी कुणी ठेवली पण? पाय दिसत नाहीत." आणि सरकवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे, पाणी सांडेल." त्याने लगेच हात मागे घेतला.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तो चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि शेवटची होडी चुकेल म्हणून पळाला.

२१ फेब्रुवारी

एकोणतीस चित्रं गेली. पहिलं मोजणीपर्यंत विकायचं नाही, असं सांगितलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

संपलं. उरलेली सात चित्रंही गेली. साडेसहाला हॉलचं कुलूप लावलं आणि पायरीवर बसून राखणदाराला फोन केला. सांगितलं एकदाचं. वाळा उलट्या पायात आलाय, चूक माझी.  त्याने विचारलं, "कधी लक्षात आलं?"

मी म्हटलं, "आत्ता. चित्र उतरवताना."

कसं सहज निघालं तोंडातून! विचारही करावा लागला नाही.

"बरं झालं लगेच सांगितलंत," म्हणाला. "पलीकडे आत्ताच होडी घेऊन निघालोय." घरी येऊन वहिनीलाही तेच सांगितलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सापडली. मेलेली.

दुपारी फोन आला. काल तो दारोदार फिरून सांगत होता, वाळा डाव्या पायात, डाव्या. तिसऱ्याच घरातली बाई म्हणाली, "मग आमच्याकडे होती की तशी एक!" महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्याच्या जाळ्यात गुंतली होती, पंख मोडलेला. बाईने शेळ्यांच्या खोपटात ठेवली, हाताने मासे भरवले. पोस्टर लागल्यावर दोनदा जाऊन निरखून आली. त्यातल्या पक्ष्याचा वाळा दुसऱ्या पायात, म्हणजे आपला वेगळा. म्हणून बोलली नाही. घरातल्यांनी कापू म्हटलं तर भांडली त्यांच्याशी.

पंख चिघळला होता. शुक्रवारपर्यंत खात होती. शनिवारी सकाळी मान टाकली.

राखणदार रडत होता फोनवर. म्हणाला, "दोन-तीन दिवस आधी कळतं तर जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गेलो असतो. पण तुम्ही तरी काय करणार बाई? तुम्हालाच काल कळलं."

मी हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं चित्र फाडलं. नियमाप्रमाणे आडवं एकदा, उभं एकदा. वहिनी शेजारी उभी होती. नंतर जवळ घेतलं मला, म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते. दिसल्याबरोबर कबूल करणारी तुमच्यासारखी एखादीच." चित्रं घेणाऱ्यांना उद्या जी चिठ्ठी जायची आहे, तिच्यात तिने हेच लिहिलंय. छत्तीस प्रती. माझी सही हवीय.

जेवले नाही. चिडले मात्र दोनदा, शाईच्या डब्याचं झाकण नीट लागत नाही म्हणून.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठ्यांवर सही केली नाही. ही वही वहिनीपुढे ठेवली. म्हटलं, अठरा तारखेपासून वाच.

तिने सगळं वाचलं. मग छत्तीस चिठ्ठ्या गोळा करून स्वतःच्या पिशवीत घातल्या. "उद्या सातला होडी आहे. राखणदाराला समोर बसून सांगा, फोनवर नाही." मी विचारलं, तू येशील ना बरोबर?

"नाही वन्सं," म्हणाली.