मागून सांगितलेली उत्तरं

आई,

पण तू तरी मी सांगेन तेच का बोललीस? कारखान्यावरच्या तपासणी शिबिरात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, आज वार कोणता?" मी तुझ्या पाठीमागून हळूच म्हणालो, "बेस्तरवार." तू लगेच, "बेस्तरवार!" गाव कोणतं? "तिसगाव." तेही माझंच. एकदा तरी चुकायचं होतंस!

बघ, अजून तुझ्यावरच ढकलतोय.

ऊसतोडीत दोघांची जोडी म्हणजे एक कोयता, काम जोडीलाच मिळतं. आबा गेल्यावर शाळा सोडून तुझा जोडीदार मी झालो. बाईंनी तुला घरी धाडलं असतं, तर आपला कोयता मोडला असता. म्हणून तुझ्या मोळ्या सुटायला लागल्या, तेव्हा मुकादमाला दिसायच्या आत मीच त्या परत बांधायचो. किती हुशार वाटायचो स्वतःला!

"आये, नाटकं करू नको," मी खेकसायचो.

"न्हाई रं दत्ता, आत्ता तर येत हुतं," म्हणून तू हातातल्या गाठीकडं बघत राहायचीस.

आज का लिहितोय? 'एका जागी बूड टेकत न्हाई तुझं,' म्हणायचीस ना? तसलंच काम मिळालंय. सुरतेत दिवसभर मोटारसायकलवर रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवतो. आज दवाखान्यात बाटली घ्यायला थांबलो होतो. आत डॉक्टर एका म्हाताऱ्या बाबांना वार विचारत होते. पोरगा शेजारून सांगायला गेला, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही गप्प बसा. त्यांना चुकू द्या. चुकले तरच मला कळेल."



सिस्टर बाटली घेऊन बाहेर आली, तेव्हा तिला विचारलं. म्हणाली, आता विसरण्याचा आजार रक्तावरूनही लवकर ओळखता येतो. बरा होत नाही, पण सुरुवातीलाच कळला तर काहींना औषधानं थोडा सावकाश होतो. आणि काहींचं विसरणं नुसत्या जीवनसत्त्वाच्या कमीनं किंवा थायरॉईडनं असतं, ते गोळ्यांनी सुधारतं. तुझं कुठलं होतं गं? आता कोण सांगणार?

तू जायच्या आधी, शेवटी मला ओळखलं नाहीस. हात जोडून म्हणालीस, "मुकादम, बांधते मोळी, घरी धाडू नका." ते हात मी सोडवलेसुद्धा नाहीत. उठून बाहेर गेलो.

परवा मावशीच्या बाळूचा फोन आला होता. तुझी धाकटी बहीण, आपली रखमामावशी, भाजीत दोनदा मीठ घालते, तेच तेच विचारते. "वय झालं तिचं," म्हणून मी फोन ठेवला. परत तेच, आई! आज दवाखान्यातून निघालो आणि रस्त्यातच गाडी उभी करून त्याला फोन लावला. सोमवारी तो तिला नगरला मोठ्या दवाखान्यात नेतोय. त्याला बजावलंय, "डॉक्टर विचारतील तवा तू भाईर थांब. चुकली तर चुकू दे."

मावशीचं मी झाकणार नाही, कुणाला झाकू देणार नाही. तुला शब्द देतो. गाडीभाडं, तपासणी आणि येताना तिच्या आवडीची भेळ, सगळं मिळून आज बाळूला पाठवतोय, चार हजार दोनशे रुपये.

तुझा,
दत्ता